बुजवलेला सांडवा

मी एक जुना मातीचा बांध आहे, मित्रांनो. दौंड तालुक्यात, कासुर्डीकडच्या एका माळावर मी आडवा पडलेला आहे. वयानं खचलोय, मधे जरा वाकलोय, पण बोलल्याशिवाय आता राहवत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात माझा जन्म झाला. माती वाहून जाऊ नये म्हणून शेतात बांध घालणाऱ्याला तेव्हा सरकारी अनुदान मिळे. शेत हौसरावांचं, म्हणून अनुदानही त्यांनाच. मला घडवलं मात्र बौद्धवाड्यातल्या चांगुणानं आणि तिच्यासारख्या बायाबापड्यांनी. रणरणत्या उन्हात, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन, पाटीपाटीनं त्यांनी मला उभं केलं. चांगुणा जीव लावून माती चोपायची, कारण माझ्या खालच्या अंगालाच तिच्या सासऱ्याची वतनातली जमिनीची पट्टी होती. नवरा दौंडच्या मालधक्क्यावर हमाल. पण घरातली भाकरी या पट्टीचीच.

माझ्या एका टोकाला सांडवा ठेवला होता. सांडवा म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची दगडी वाट. पाहणीला सरकारी साहेब आले, मला पाहून "झकास!" म्हणाले. मी असा फुगलो होतो म्हणून सांगू!

पुढच्या वर्षी पाऊस झाला. माझ्या पोटाशी पाणी साचलं आणि थोडं सांडव्यातून वाहू लागलं. हौसराव काठावर बसून बघत राहिले. पाण्यावाचून त्यांची बैलजोडी डोळ्यांदेखत गेली होती. त्यांना ते वाहतं पाणी बघवेना. त्यांनी खोरं घेतलं आणि सांडवा मातीनं बुजवून टाकला. माझा जीव गुदमरला. पण बांधाला कुठली आली जीभ?

उत्तरा नक्षत्रात आभाळ फाटलं. चांगुणा खोरं घेऊन भिजत हौसरावांकडे धावत आली.

"आप्पा, सांडवा उघडा की! बांध फुगलाय. फुटला तर माझी पट्टी जाईल हो!"

"उगं गलका करू नगं, चांगुणे. सरकारी पैशाचा बांध हाय, त्यो कसा फुटंल? आन् थेंबाला म्हाग झालो व्हतो, ते पानी सोडून देऊ व्हय?"

"मग म्या उघडते."

"माझ्या बांधाला हात लावायचा न्हाई!"

ती खोरं घेऊन तिथंच उभी राहिली. त्याच गावात राहायचं होतं तिला, खोरं चालवलं नाही. मला हौसरावांचा असा संताप आला!

दुपारी मी मधोमध फुटलो. कणसात आलेल्या बाजरीसकट चांगुणाची पट्टी खरवडून निघाली. उरला नुसता मुरूम. चांगुणा त्यात बसून राहिली, रडलीसुद्धा नाही.

उन्हाळ्यात पुन्हा अनुदान आलं, माझ्या दुरुस्तीला. फुटलेल्या बांधाला मदत होती, वाहून गेलेल्या शेताला नव्हती. चांगुणानं साहेबांना गाठलं.

"साहेब, माझ्या मातीचं काय?"

"बाई, तुमच्या शेतात बांध कुठं आहे?" असं म्हणून साहेब जीपमध्ये बसले.

कामावरच्या मुकादमानं खालच्या ओढ्याकाठी अडकून साचलेली काळी माती आणायला सांगितली. ती कुठून वाहून आली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चांगुणा रोजानं कामावर आली. तिनं आपलंच शेत पाटीत भरलं, डोक्यावर घेतलं आणि माझ्यावर आणून ओतलं.

मित्रांनो, बांध जरूर घाला, पण त्याचा सांडवा उघडा ठेवा. आणि आधी खाली उतरून बघा, तिथं कुणाचं शेत आहे. माझ्यावर आज गवत तरारून येतं. का नाही येणार? चांगुणाची माती आहे ती.