रक्तातल्या हमालाची लाज

मी एक जुना हमाल आहे, मित्रांनो. एका केकवाल्याच्या रक्तात माल वाहतो. जात प्रथिनाची, जन्म यकृतातला. अंगाने वाकडा, आणि पोटातून आरपार बोगदा. रक्तात चरबीचे बारीक गोळे फिरतात. चांगला गोळा बिचारा कोलेस्टेरॉल गोळा करून यकृताकडे निघालेला असतो. मी एक टोक त्याच्यात खुपसतो, दुसरं वाईट गोळ्यात, आणि त्याचं कोलेस्टेरॉल तिकडे सरकवतो. बदल्यात त्याच्या गळ्यात दुसरीच चरबी मारतो. आधी मी स्वतःला मोठा कामसू समजायचो. मग हृदयाजवळच्या वाहिनीत तोच माल भिंतीला थापलेला पाहिला आणि मान खाली गेली.

केकवाला लोण्याचं क्रीम स्वतः चाखल्याशिवाय केक बाहेर जाऊ द्यायचा नाही. लोणी रक्तात उतरलं की गोळ्यांची झुंबड उडायची आणि मला श्वास घ्यायला फुरसत नसायची. हल्ली जिना चढताना त्याची छाती आवळायची. तो कठडा धरून वाकायचा. लेकीने विचारलं की म्हणायचा, "नाडी सुटली गं बुटाची."

लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. तिने बजावून बजावून त्याला उपाशीपोटी बोलावलं. सुई टोचली आणि नळीत मीही आलो. तिने नळी यंत्रात गरगर फिरवली. वर पिवळसर, नितळ पाणी यायला हवं होतं. आलं चरबीने दुधासारखं पांढरं! तिने ते उजेडासमोर धरलं, आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"बाबा, काय खाल्लंत?"

"छे! पाण्याशिवाय काही नाही. पहाटे लग्नाचा केक होता, तेवढं क्रीम चाखलं."

"किती?"

"दर भांड्यातलं. चाखणं म्हणजे खाणं थोडंच?"

लेक हसली नाही. "आणि जिन्यावर रोज नाडी सुटते?"

"सुटते की."

"बाबा, तुम्ही चपला घालता."

केकवाल्याने पायांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "छातीत दुखतं गं. सांगायची लाज वाटली."

लेकीने त्याचा हात धरला आणि तशीच त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

मी नळीतच राहिलो. त्याच्या रक्तात माझे भाऊबंद अजून माल वाहताहेत, आम्हाला थांबता येत नाही. मित्रांनो, तुम्हाला येतं. आणि दुखलं तर घरच्यांना सांगा. लाजायला मी आहे.