उघड्या गाडीची शांतता

मी एक जुनी

थांबा, मित्रांनो. दम लागतो. पुन्हा सुरू करते.

मी एक जुनी उघडी गाडी आहे. दोन दारं, लाल रंग, आणि कापडी छत, तेही मागे दुमडलेलं. मला घडवलं होतं वाऱ्यासारखं पळायला. आता मी पांढुर्ण्यात वरातीत चालते, माणसाच्या पावलानं. इंजिन तापतं. मागच्या सीटवर नवरदेव, पुढे नाचणारे, त्यांच्यापुढे डीजेचा ट्रक, आणि त्याचे सगळे भोंगे माझ्याकडे तोंड करून.

लोक माझ्यासोबत फोटो काढतात. मला चालवणाऱ्या हेमंतकडे कोणी पाहत नाही. गाडी त्याचीच. स्वतःच्या दुपट्ट्यानं तो मला पुसतो.

लग्नाच्या सगळ्या हंगामात त्याच्या कानात रातकिडे ओरडत होते. एका सकाळी त्याची बायको दिपाली दारात उभी राहिली.

"अवो, दोनदा हाक मारली. नागपूरले कान दाखवून या ना."

"कानाले काई नाई झालं. गाडीच खडखडून राहिली. तिचाच बंदोबस्त करतो."

म्हणून आम्ही सौंसरला गुलाब मिस्त्रीकडे गेलो.

"हेमंतभाऊ, आवाज दाबायच्या या शीटनं पत्र्याचा खडखडाट जाते," गुलाब म्हणाला. "वरून येणाऱ्या आवाजाले ते का करन?"

"तू लाव ना बे. कानाले आराम पाहिजे मले."

"मंग तुमच्या डोक्यावरच चिकटवून देतो एक!"

दोघंही हसले. मग काम सुरू झालं.

डावं दार. आतलं अस्तर काढलं, थिनरनं धूळ पुसली. डांबरासारखी काळी, चिकट शीट गरम हवेनं मऊ केली आणि लोखंडी रुळानं दाबून बसवली. दुखलं नाही. जड झाले.

उजवं दार. तेच.

फरशी. सीट बाहेर, गालिचा बाहेर. इतक्या वर्षांच्या अक्षता निघाल्या.

डिक्की. झोप लागली होती मला.

छत.

छताला काही नाही. तिथे आकाश होतं.

पुढची वरात लोधीखेड्यात. नवरदेव चेतन, दिपालीचा भाऊ. ती माझ्या दाराशेजारून चालत होती. डीजे सुरू झाला. माझी दारं खरंच गप्प राहिली, पण आरशातला रस्ता थरथरत होता. बायकांनी कानांवर पदर दाबले.

हेमंत मात्र हसत होता. "पाह्य दिपाली! काईच आवाज येत नाई! गुलाबनं कमाल केली!"

"आवाज तेवढाच हाय, अवो."

तो पुढेच पाहत राहिला.

मी सांगू शकत नव्हते. मित्रांनो, शीट माझ्या पत्र्याला होती. त्याच्या कानात जी शांतता उतरली होती, ती कोणत्याही गॅरेजातली नव्हती.

गाणं संपलं. दुसरं लागायच्या आधी रस्ता एकदम शांत झाला. दिपाली दोन पावलं मागे राहिली. आजवर तिनं नवऱ्याचं नाव चारचौघांत घेतलं नव्हतं. ती ओरडली,

"हेमंत!"

सगळी वरात वळली. डीजेवाला वळला. हेमंतचे सासरेबुवा वळले. घोड्यावर बसल्यासारखा ताठ बसलेला चेतनही वळला.

हेमंत माझं स्टिअरिंग थोपटत होता. "शांत झाली बाई," म्हणत होता.

दिपाली पुढे आली, हात आत घातला आणि माझी चावी फिरवली. इंजिन बंद पडलं. ते त्याला कळलं, हातांना. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती काहीतरी बोलली. तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला, आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"का म्हणतं?" त्यानं विचारलं. "मोठ्यानं बोल ना."

ती मोठ्यानंच बोलत होती.

मित्रांनो, माझा पत्रा सडला तर दुसरा बसतो. तुमचं माणूस हाकेला वळेनासं झालं, तर त्याच्या गाडीला काही लावत बसू नका. आधी त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. नवरदेव पायी जाईल. मी इथेच उभी राहते, रस्त्याच्या कडेला.

नाही तरी थकलेच आहे.