तळाची फळी

कस्टमच्या बाई खोक्याभोवती पुन्हा एक फेरी मारायला लागल्या, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तिथं आधीच आठव्या महिन्यातलं बाळ होतं. जागा कमीच होती.

खोक्यात बाबांनी केलेला, भारतातून पाठवलेला पाळणा होता. बाबा सुतार. हल्ली त्यांचे हात थरथरतात. "नातवंडासाठी हे शेवटचं काम," म्हणून त्यांनी पुन्हा रंधा उचलला होता.

"ताई, कागद सगळे चोख आहेत," माल सोडवून देणारा आमचा एजंट हळूच म्हणाला. "पण खोक्यावर शिक्काच दिसत नाही."

बाहेरदेशातून येणाऱ्या खोक्याचं लाकूड कीड मरावी म्हणून तापवलेलं लागतं, आणि तसा शिक्का फळीवर हवा. नसेल, तर आतल्या लाकडी मालासकट सगळं भट्टीत. कीड राहिली बाजूला, पाळणा जळणार. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मी बाबांना फोन लावला.

"बाबा, खोक्याला शिक्क्याचंच लाकूड घेतलं होतं ना?"

"घेतलं की! तू बजावलं होतंस."

"मग शिक्का कुठंय?"

"तो काळा डाग होय? रंधा मारून काढला. लेकीच्या दारात घाणेरडी फळी पाठवू?"

शिक्क्याचं लाकूड घ्या, हे मी दहादा सांगितलं होतं. शिक्का राहू द्या, हे सांगायचं कुणाला सुचतं?

"घाबरू नका ताई," एजंट म्हणाला. "तळाला कोण रंधा मारत बसतं? तिथं नक्की असेल."

बाईंनी मान डोलावली. खोकं उलटं करायला माणसं आली. एजंटचा जीव भांड्यात पडला. मी मात्र मनात हात जोडले. आमच्या घरची खाट खालून चाचपली तरी गुळगुळीत लागते. 'दिसत नाही म्हणून काय झालं?' हे बाबांचं पालुपद. देवा, एकदाच, फक्त एकदाच त्यांनी अंगचोरपणा केलेला असू दे. बापासाठी असलं मागणं मी जन्मात मागितलं नव्हतं.

खोकं उलटलं. बाईंनी टॉर्च मारला. तळाच्या फळ्या स्वच्छ होत्या, एकीवरही डाग नव्हता. भट्टीचा शेरा लिहायला बाईंनी खिशातून पेन काढलं.

फोन अजून माझ्या कानालाच होता.

"नीट पोचलं ना गं?" बाबा विचारत होते. "जरा हात फिरवून बघ. कुठं कुसळ लागत नाही ना?"

मी तळावरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"नाही बाबा," मी म्हणाले. "कुठंच नाही."