दिवा त्याचा, आवाज तिचा

धनजमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की तुळसाबाई गाडीत पुढेच बसते. पाहुणे असोत की म्हातारेकोतारे, नवऱ्याशेजारची सीट तिची. "लय तोरा हाये बुढीले," लोक म्हणत आणि ती म्हणू देई. जगदेवचे कान गेलेत हे गावाला कळण्यापेक्षा आपल्या तोऱ्याची चर्चा तिला परवडत होती.

गाडी सुनेच्या वयाची. कुठलीशी वायर ढिली, म्हणून ऑइलचा लाल दिवा खड्ड्याखड्ड्याला लागे नि विझे. दिवा जगदेवला दिसे. पण तो खरा की खोटा, हे इंजिनाच्या आवाजावरून ठरे, आणि तो आवाज ऐकायला तुळसाबाई होती. टकटक सुरू झाली की ती म्हणे, "थांबवा वो, तहान लागली." कधी तिला मळमळे, कधी तिची चप्पल हरवे. जगदेव उमजून घेई, उतरून बॉनेट उघडी, ऑइल ओती. मागचे लोक मात्र तिच्या नावानं बोटं मोडत.

त्या दिवशी मागे व्याही रामधन नि विहीण बसले होते. त्यांना शेलूबाजारला सोडायचं होतं. कारंजा मागे पडलं आणि दिवा लागला. लागला तो विझेचना. पाठोपाठ खलबत्त्यात सुंठ कुटावी तसा आवाज.

तुळसाबाई नवऱ्याच्या कानाशी वाकली. "थांबवा वो. मळमळून राह्यलं मले."

एरवी त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला असता. पण आज सोयऱ्यासमोर तो रंगात आला होता. "पाहा इवाई! बायकोले पुढं बसवलं का असं व्हते. दर कोसाले ठेसन. इले वाटते, गाडी हेच चालवून राह्यली."

रामधन खो खो हसला. विहीणही पदराआड हसली.

"थांबवा म्हनते ना!"

"गप बस वं! जराशी कळ काढ."

तुळसाबाईचे कान तापले. गावाचं हसणं तिनं पचवलं होतं, नवऱ्यापायी. पण आज हसवणारा तोच होता, आणि हसणारे लेकाचे सासू-सासरे. 'आवाज येते' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिनं तोंड मिटलं. गप बस म्हणाला ना? बसली. तुरीच्या शेतांकडे बघत राहिली. टकटकीची ठकठक झाली, ठकठकीची खडखड. मागच्यांना वाटलं, जुनी गाडी अशीच वाजत असेल.

शेलूबाजार दिसू लागलं तेव्हा खाडकन काही तुटलं. इंजिन जाम. बॉनेटमधून धूर.

फोन केल्यावर शेलूबाजारहून उस्मान मिस्त्री मोटरसायकलवर आला, गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "चेंबरचा नट निंगला, जगदेवभाऊ! ऑइल सारं सडकेवर. बेअरिंग गेलं, इंजिन खतम. केवढं ठोकत आलं असन हे! तुमाले आयकू नाई आलं?"

ओरडून बोलला म्हणून हे जगदेवला नीट ऐकू गेलं. तो लालबुंद होऊन बायकोकडे वळला.

"काय वं, तुले आयकू आलं नाई? मंग मले सांगतलं काहून नाई?"

रामधननं बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. आपण काय बोलून बसलो, हे जगदेवच्या ध्यानात आलं, पण उशिरा.

अजूनही सावरता आलं असतं. काचा बंद होत्या, मलाही कळलं नाही, म्हटलं की संपलं. इतक्या वर्षांच्या सवयीनं थाप तिच्या ओठांवर आलीच होती.

"आलं," ती म्हणाली. "कारंज्यापासून येऊन राह्यलं व्हतं. तुमी गप बस म्हनलं."

उस्माननं हात पुसायला चिंधी शोधली, ती हातातच होती.

रामधननं सवारीची जीप थांबवली. चढताना तो तुळसाबाईला म्हणाला, "ईनबाई, आमच्या पोरीले याच्यापुढं त्याईच्या गाडीत बसवू नका. किल्ली काढून घ्या." जगदेव हातभर अंतरावर उभा होता. तरी रामधननं आवाज खाली करायची तसदी घेतली नाही.

जीप गेली. दोघं सडकेच्या कडेला दगडावर बसले.

"काय म्हने इवाई?" जगदेवनं विचारलं.

एरवी ती त्याच्या कानाशी वाकली असती. आज वाकली नाही. समोर बघत, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "म्हने, किल्ली काढून घ्या याच्यापासून."

जगदेवनं तिच्या ओठांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"हो. भला मानूस हाये," तो म्हणाला, आणि किल्ली बोटात फिरवत राहिला.