शफीची कळलावी

पैज लागली ती आमच्या चौसाळा गावात, हमीदाभाबीच्या ओट्यावर. भाबी अन तिचा नवरा शफी माजे भिंतीला भिंत शेजारी. हायवेवर शफीचं गॅरेज. साखरेच्या बिमारीनं त्याचे डोळे खाल्ले. डाव्यानं दिसतच न्हाई, उजव्यापुढं नुस्ता धूर. मागल्या महिन्यात फटफटीचा ब्रेक चुकीचा बसवला, एक पोरगं नाल्यात गेलं. हातपाय मोडले, जीव वाचला. तवापासून भाबी म्हनते गॅरेज बंद करा, हा म्हनतो मला समदं दिसतंय.

"दिसतंय ना बे?" म्या म्हनलं. "मग चल कपिलधारच्या डोंगरावर. कळलावीचं लालभडक, जाळावानी फूल माज्याआधी दाखव. हारलास तर बाजारात हातगाड्यावर चढून कोंबड्यावानी आरवायचं, अन गॅरेजला कुलूप."

"अन शिव्या लेका, तू हारलास तर?" शफीनं मला इचारलं.

"तर म्या आरवतो. अन भाबी गॅरेज बंद करायचं नाव काढनार न्हाई."

"या अल्ला, दोन म्हातारी गाढवं," भाबी म्हनली. पन हसली न्हाई.

डोंगर लई वंगाळ. मुरुमावरून पाय सटकत व्हता, माजा दम छातीत मावंना. शफ्या मात्र फुलांची नावं घेत पुढं. "डाव्या हाताला तेरडा, गुलाबी. वर कुरडू. त्या दगडाआड तरवड, पिवळाधम्मक." समदं बरोबर! आता म्याच आरवनार, ह्या भ्यानं म्या आपली जुनी लबाडी काढली. वाटेत पडलेली गुटख्याची लाल पुडी उचलली, पुढच्या काट्याला अडकवली.

"शफ्या, ते लाल काय हाय बे?"

त्यानं मान वाकडी केली. लई येळ बघितलं. मंग नाचायलाच लागला. "कळलावी! जिंकलो! कसली पेटलीय बघ, शिव्या!"

त्यानं हात घातला. पुडी कुरकुरली.

म्या हसायलो व्हतो, ते हसू तसंच तोंडात राहिलं. एवढे दिवस ह्या वाटंनं हिंडून त्याला समदी फुलं पाठ व्हती. दिसत काहीच नव्हतं.

"अन खरी कुटंय?" त्यानं हळूच इचारलं.

"तुज्या गुडघ्याला लागलीय."

त्यानं खाली बसून चाचपलं. पाकळ्यांवर बोटं फिरवली, तोडली न्हाई.

"शफ्या, तूच जिंकला. म्या गावाला तसंच सांगतो."

"सांग की. मंग उद्या कुनाचा ब्रेक बसवू? तुज्या लेकीच्या, सायलीच्या स्कूटीचा?"

उतरताना त्यानं माजा खांदा धरला. एका बी फुलाचं नाव घेतलं न्हाई.

गॅरेजचं शटर त्यानं सोताच ओढलं. चावी भाबीच्या हातात दिली, अन बाजारात येऊन केळीच्या गाड्यावर चढला. म्या म्हनलं, "ऱ्हाऊ दे बे, मजाक व्हता."

"शर्त म्हंजे शर्त," म्हनला, अन गळा ताणून आरवला.

समदा बाजार खदखदून हसला. "चाचा, पुन्हा एकदा!" पब्लिक सगळी मागं, अन हा उभ्या ट्रककडं तोंड करून आरवतोय. त्यावर लोक आनखी हसले. त्यांना वाटलं, ही बी शफीचाचाची मस्तीच.

म्या गाड्यापाशी गेलो, त्याचा पाय धरून त्याला लोकांकडं फिरवलं. तो पुन्हा आरवला.