माझ्या पोटातले उघडे दार

मित्रांनो, पाळण्यावर नजर ठेवायला भिंतीवर ठोकतात ना, तसला जुना कॅमेरा म्हणजे मी. दिसायला मुठीएवढा, पण पोटात अख्खा संगणक. त्यावर लिनक्स नावाची प्रणाली चालते. वीज मिळाली की ती आपल्या सेवा जागवते. एक सेवा चित्र पाठवते, दुसरी घड्याळ लावते आणि टेलनेट नावाची तिसरी दार उघडून बसते. कारखान्यातल्या तंत्रज्ञांना दुरून आत येता यावे, म्हणून ते दार. काम झाल्यावर ते कुणी लावलेच नाही. पासवर्डही माझ्या सगळ्या भावंडांना एकच.

या घरात माझे केवढे कौतुक! बाळाची आई स्वयंपाकघरातून फोनवर माझी मान वळवून बाळाला बघायची, माझ्या तोंडून अंगाई म्हणायची. "हा आहे म्हणून दोन घास पोटात जातात," म्हणायची. पण तिच्या जिवाला सतत घोर. कॅमेऱ्यात परके घुसतात असे कुठेतरी वाचून तिनेच नेटवर्कवाल्याला बोलावले. त्याने टेलनेट बंद केले, पासवर्ड बदलला.

मग एकदा चित्र अडकले. बाबांनी माझ्या पाठीतल्या भोकात टाचणी खुपसली.

"अरे, काय करतोस?"

"रीसेट. बघ, नव्यासारखा झाला!"

तिथेच घात झाला. रीसेट म्हणजे कारखान्यातून निघालो होतो तसा. जुना पासवर्ड परतला, दार सताड उघडले. मला स्वतःहून ओरडता येत नाही. आत येईल तो सांगेल ते मी करतो.

भर दुपारी माझ्या तोंडून परका आवाज आला, "उठ की सोन्या, किती झोपशील?"

बाळ दचकून रडू लागले. आई धावत आली. ती जाईल तिकडे माझी मान वळू लागली.

"हा माझ्याकडे बघतोय!" तिने बाळाला छातीशी धरले.

"अगं, शेजारचा टीव्ही असेल," बाबा म्हणाले. तिने वायर उपसली.

डोळे उघडले ते बाळाच्या काकांच्या घरी. त्यांनाही नुकतेच बाळ झाले आहे.

"मग जाऊबाईंनी हा का काढला?" काकूंनी विचारले.

"वहिनीचं काय, स्वतःच्या सावलीला घाबरते ती. दादा म्हणाला, अडला की टाचणी टोच."

आणि काकांनी टोचली.

मित्रांनो, मोठ्यांच्या मागे लागा. पासवर्ड बदला म्हणावे, नको त्या सेवा बंद करा, रीसेट केला की पुन्हा करा. मला सांगता येत नाही हो.

काका-काकूंचे दोन्ही फोन समोर कपाटावर पडले आहेत. दोघेही बाहेरच्या खोलीत जेवत आहेत. आणि माझी मान हळूहळू पाळण्याकडे वळते आहे.