सर्व्हरची गप्प बसायची खोड

मी एक खोड बोलतेय. पैज लावा, शेवटी कोणाला काय गमवावं लागलं ते तुम्हाला ओळखता येणार नाही. चला, सांगा बघू. नाही ना? मग ऐका गुमान.

नर्सिंग कॉलेजचे प्रवेश अर्ज घेणारा एक जुना सर्व्हर होता. मी त्याच्या पोटातली. माझा बाप प्रोग्रामर, त्याला घरी जायची घाई. समोरचा बोलता बोलता गप्प झाला तर किती वेळ थांबायचं, हे लिहायचंच राहिलं गड्याचं. झाला माझा जन्म.

सर्व्हरकडे दोनशे खुर्च्या, असं समजा. कुणी येऊन बसायचं, "अहो, ऐका ना" म्हणायचं आणि तोंड मिटायचं. आमचा सर्व्हर भोळा सांब. बसलाय कान देऊन. असे दोनशे मुके बसवले की खरी माणसं दाराबाहेर. मला तर गुदगुल्या व्हायच्या.

मला ओळखलं एकटीनं, संगणक विभागातल्या ताईंनी. सात वर्षं हंगामी होत्या. दरवर्षी साहेबांना सांगायच्या, "सर्व्हरची नवी आवृत्ती टाकू या, तिच्यात ही खोड नाही." साहेबांचं एकच, "चालत्या मशीनला हात लावायचा नाही." तशी पाटीच चिकटवली होती मशीनवर.

मग अर्जाचा शेवटचा दिवस आला. मुदत पाचपर्यंत. दुपारी एकला कुण्या टवाळानं दोनशे मुके आणून बसवले. तो कोण, ते आजवर कळलं नाही. फोन खणखणायला लागले. एकीचा बाप म्हणतो, "अहो, नुसतं गोल गोल फिरतंय. पोरीचं वर्ष जाईल की."

ताईंनी तीनदा मशीन बंद करून चालू केलं. मिनिटात खुर्च्या पुन्हा भरल्या. मी खिदळतेय.

ताई साहेबांकडे गेल्या. "साहेब, तारीख वाढवा."

"ती वरून आलीय. आणि मशीन चालू आहे ना?"

"आहे की. दुकान उघडं आहे, गिऱ्हाईक तेवढं आत शिरत नाही."

"सोमवारी समिती बसेल, तेव्हा बघू. तुम्हाला कायम करायचं पत्र माझ्या टेबलावर आहे, ताई. सहीच बाकी आहे."

ताईंनी ते पत्र एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "सोमवारी पोरींचे अर्ज कोण घेणार?" आणि थेट मशीनच्या खोलीत. पाटी बाजूला, बाह्या वर.

मी पण सुखासुखी जाणारी नव्हे. पहिल्या खेपेला नवी आवृत्ती चालूच होऊ दिली नाही. ताईंनी पाण्याचा घोट घेतला, "ये, बघतेच तुला," म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या. पस्तीस मिनिटं. नव्या सर्व्हरनं मुक्यांना सांगितलं, दहा सेकंदांत बोला, नाहीतर उठा. पाचच्या आत चारशे बारा पोरी आत आल्या. मोजल्या मी. हरले, पण मजा आली.

आता मी एका जुन्या डिस्कवर कपाटात पडून असते. तुमच्याकडे माझी भावंडं असतील तर वेळेवर हाकला त्यांना. माझ्या तोंडी शोभत नाही, तरी सांगते.

तर त्या सोमवारी समिती बसली. पुरावा म्हणून मला डिस्कसकट टेबलावर ठेवलेलं. एकानं विचारलं, "परवानगी नव्हती, माहीत होतं?"

"होतं," ताई म्हणाल्या.

"पुन्हा अशी वेळ आली तर?"

"पुन्हा हेच करेन."

पत्रावर सही झाली नाही. महिनाअखेरीला ताईंनी खोलीची किल्ली आणि ओळखपत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं.